दहा पानांतला पाहुणचार

पेणला आमच्या कम्पोझिंगच्या खोलीत एका संगणकात दुसरा संगणक राहतो. बाहेरचा लिनक्सवर चालतो. त्याच्या पडद्यावर एक चौकट उघडते, तिच्यात काळ्यावर निळ्या पट्ट्या सरकतात आणि मग ती ओळखीची हिरवी टेकडी दिसते. विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014 ला तिची देखभाल थांबवली. आमच्याकडे मात्र आषाढ लागला की ती रोज सकाळी उठते.

तिच्यावाचून आमचं अडतं. गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या वर्गणीच्या पावत्या, लग्नपत्रिका, गणपतीच्या कारखान्यांची भावपत्रकं, आरतीसंग्रह, सगळं पेजमेकरमध्ये आहे आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. ते फॉन्ट मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवायचे. काना एका चिन्हाच्या जागी, अर्धा श दुसऱ्याच कुठल्या. फॉन्ट नसलेल्या मशीनवर अशी फाइल उघडली की आरतीच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांचा खच दिसतो. मजकूर हरवलेला नसतो, पण वाचणारं कुणी उरलेलं नसतं.

एक्सपीचं मूळ मशीन एका पावसाळ्यात बसलं. बोर्ड गेला, हार्डडिस्क वाचली. त्या डिस्कची जशीच्या तशी इमेज काढली, व्हर्च्युअलबॉक्सला, म्हणजे संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामला, समजेल अशा फाइलमध्ये बदलली आणि सुरू केली. पहिल्या खेपेला निळा पडदा. नव्या यंत्राचा डिस्क कंट्रोलर साटा जातीचा ठेवला होता आणि तो एक्सपीच्या ओळखीचा नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन आयडीई केला, आणि ती उठली. डेस्कटॉपवर फोल्डर त्याच जागी, रिसायकल बिनमध्ये टाकून दिलेल्या फाइलीसुद्धा तशाच. आपलं जुनं शरीर भंगारात गेलंय याचा तिला पत्ताच नव्हता.

हे होतं तरी कसं, या कुतूहलापोटी शोधत गेलो आणि 1974 सालचा एक निबंध हाती आला. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग हे दोघे लेखक. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’च्या जुलैच्या अंकात तो छापून आला. जेमतेम दहा पानं. पहिल्यांदा गरजेपोटी वाचला, नंतर आवडीनं वाचत राहिलो. कवितेचं रसग्रहण आपण शाळेपासून करतो. गणिताची चिन्हं असलेल्या या दहा पानांचंही करावं, इतका रस त्यांत आहे, असं मला मनापासून वाटतं.

एका यंत्रात दुसरं यंत्र चालवणं त्या वेळी अगदी नवं नव्हतं. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या संशोधन केंद्रात सीपी-40 नावाची प्रणाली 1967 मध्ये चालू झाली होती, आणि 1972 मध्ये कंपनीनं व्हीएम/370 बाजारात आणली. करून दाखवणारे होते. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी वेगळा प्रश्न विचारला: हे कुठल्या यंत्रावर जमेल आणि कुठल्यावर जमणार नाही, ते यंत्राकडे नुसतं बघून आधीच सांगता येईल का?

त्यासाठी आधी व्याख्या हवी. ती त्यांनी तीन शब्दांत बसवली आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या यंत्राचं कार्यक्षम, अलग असं प्रतिरूप. मी सगळ्यात जास्त थांबतो तो ‘प्रतिरूप’ या शब्दावर. त्यांना ‘नक्कल’ म्हणता आलं असतं, ‘आभास’ म्हणता आलं असतं. आज आपण ‘व्हर्च्युअल’चं मराठी ‘आभासी’ असं सर्रास करतोच. त्यांनी दुसरी प्रत म्हटलं, पहिलीइतकीच खरी.

पेणच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत साच्यातून गणपती काढतात. साच्यातून निघालेली मूर्ती हे मूळ मूर्तीचं चित्र नसतं. तिला पाठ असते, वजन असतं, सोंडेच्या वळणाखाली बोट घातलं तर तिथे तेवढीच पोकळी असते. भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपतीही सुंदर असतो, पण त्याच्या मागे हात फिरवता येत नाही. एकेक आज्ञा वाचून तिचा परिणाम आपल्या हातानं काढून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला सिम्युलेटर म्हणतात. तो कॅलेंडर छापणाऱ्यासारखा आहे. चित्र हुबेहूब, वेग मंद. पोपेक आणि गोल्डबर्ग यांना मूर्ती हवी होती. म्हणून त्यांनी ‘कार्यक्षम’ हा शब्द व्याख्येतच घातला आणि त्याचा अर्थ पक्का केला: ज्या आज्ञांनी कुणाचं काही बिघडत नाही, त्या सगळ्या खऱ्या प्रोसेसरवर थेट चालल्या पाहिजेत, मध्ये कुणी पडायचं नाही. माझ्या खोलीतली एक्सपी बेरीज करते तेव्हा ती बेरीज खरोखरच सिलिकॉनवर होते, कुणी तिला उत्तर सांगत नाही.

तिसरा शब्द ‘अलग’. त्याच्या पोटात त्यांनी मालकीचा प्रश्न सोडवला आहे. मेमरी, वेळ, उपकरणं, सगळ्याच्या किल्ल्या मॉनिटरकडे. इथे मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे, देखरेख करणारा प्रोग्राम. त्याचे तीन भाग ते सांगतात: आलेलं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवणारा, कुणाला किती वाटायचं ते ठरवणारा, आणि एकेका अडलेल्या आज्ञेचा अर्थ लावून ती पार पाडणारे. जुन्या वाड्यात दारावर एक जण असायचा, कोठीच्या किल्ल्या एकीच्या कमरेला असायच्या आणि बाकीचे कामाला असायचे. पाहुण्याला जेवायला भरपूर मिळायचं, कोठीत मात्र तो जायचा नाही. आणि त्याला जावंसं वाटायची वेळही येऊ द्यायचे नाहीत. माझ्या एक्सपीला मी 512 एमबी मेमरी दिली आहे. बाहेर आठ जीबी आहे, हे तिला माहीत नाही. तिच्या हिशेबी जगात तेवढीच मेमरी आहे, आणि ती त्यात सुखानं राहते.

व्याख्या करून झाल्यावर लेखक एक अपवाद नोंदवतात, आणि मला हे दोघे तिथे फार आवडतात. पाहुण्याला सगळं मूळ यंत्रासारखंच भासेल, दोन बाबी सोडून: काळ आणि उपलब्ध सामग्री. म्हणजे तेच काम कधी थोडं सावकाश होईल, आणि मेमरी मागितली तेवढी मिळेलच असं नाही. हा अपवाद वगळला असता तर व्याख्या अधिक देखणी झाली असती, पण खोटी झाली असती. आमच्याकडे तो अपवाद डोळ्यांना दिसतो. शनिवारी संध्याकाळी मी यंत्र बंद करत नाही, आहे त्या अवस्थेत जतन करून ठेवतो. सोमवारी चौकट पुन्हा उघडली की कर्सर अर्धवट राहिलेल्या ओळीत लुकलुकत असतो आणि खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ क्षणभर शनिवारची संध्याकाळ दाखवतं. मग बाहेरच्या यंत्राकडून वेळ येते आणि काटा एकदम सोमवारवर उडी घेतो. मधला रविवार तिच्या आयुष्यात नाहीच. ते एक क्षणाचं शनिवारपण बघताना दर वेळी मला त्या अपवादाचं वाक्य आठवतं.

मधली दोन-तीन पानं चिन्हांची आहेत. तिथे पहिल्या वाचनात मी अडलो, आणि वाचकानं अडलं तर घाबरू नये. त्यांतलं सार एका चौकोनात आहे. मोकळ्या यंत्रावर एक पाऊल टाका आणि मग त्याचं प्रतिरूप घ्या. किंवा आधी प्रतिरूप घ्या आणि तिथे तेच पाऊल टाका. दोन्ही वाटांनी शेवटी एकाच जागी यायला हवं. पेणहून रेल्वेनं कासू-नागोठण्यावरून जा नाहीतर वडखळ-कोलाड असं रस्त्यानं जा, उतरायचं रोह्यालाच. वाट बदलली म्हणून गाव बदललं, तर प्रतिरूप फसलं.

आता निबंधाचा गाभा.

ते यंत्राच्या आज्ञांची विभागणी करतात. त्या काळच्या प्रोसेसरला दोन अवस्था असत, आजही असतात: एक मालकाची, एक साध्या प्रोग्रामची. काही आज्ञा अशा की साध्या अवस्थेत दिल्या तर प्रोसेसर तिथेच थांबतो, कुठे होतो ते लिहून ठेवतो आणि मालकाला हाक मारतो. याला ट्रॅप म्हणतात. अशा आज्ञा विशेषाधिकाराच्या. दुसऱ्या बाजूनं त्यांनी ‘संवेदनशील’ आज्ञा वेगळ्या काढल्या: ज्या यंत्राची सत्ता हलवतात, किंवा आपण मेमरीत कुठे आहोत, कुठल्या अवस्थेत आहोत यावर ज्यांचं वागणं बदलतं. आणि मग पहिला सिद्धान्त: संवेदनशील आज्ञांपैकी प्रत्येक आज्ञा विशेषाधिकाराची असेल, तर त्या यंत्रावर असा मॉनिटर बांधता येतो.

एवढंच. एक संच दुसऱ्या संचात बसतो का, ते बघा.

या ओळीत एक शहाणपण आहे, ते उलगडायला मला बरीच वर्षं लागली. पाहुणी प्रणाली स्वतःला मालक समजते. एक्सपी एकटीच त्या यंत्रावर राज्य करते अशा समजुतीनं लिहिलेली आहे. ती हुकूम सोडते, मेमरीचे नकाशे बदलते, व्यत्यय बंद करते. निबंधातल्या पद्धतीत तिला प्रत्यक्षात साध्या अवस्थेत बसवलेलं असतं. ती मालकाचा हुकूम सोडते आणि ठेच लागते. त्या ठेचेच्या क्षणी मॉनिटर जागा होतो, तिला काय हवं होतं ते समजून घेतो, तिच्यापुरतं तसं करून देतो आणि तिला पुढच्या आज्ञेवर उभं करून बाजूला होतो. ठेच लागली हे तिला कळतच नाही. हा सगळा पाहुणचार त्या ठेचेवर उभा आहे. ठेच लागली म्हणूनच यजमानाला कळलं की पाहुण्याला काही हवंय.

आणि म्हणून सगळ्यात घातक आज्ञा कुठली? सपशेल फसणारी नव्हे. जी मुकाट्यानं पुढे जाते ती. लेखकांनी उदाहरण दिलंय पीडीपी-10 या यंत्रातलं. तिथे साध्या अवस्थेत परत जायची एक आज्ञा अशी होती की ती साध्या अवस्थेतून दिली तर ठेच लागायचीच नाही. यजमानाला चाहूल नाही, पाहुणा मात्र समजतो की काम झालं. त्या एका आज्ञेपायी ते यंत्र या परीक्षेत नापास. आख्ख्या यंत्राचा निकाल एका गप्प बसणाऱ्या आज्ञेवर लागतो, हे वाचताना मला दर वेळी शहारा येतो.

पुढे आपल्या घराघरांत आलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांची तीच कथा झाली. पेन्टियमच्या संचात अशा 17 आज्ञा आहेत, असं 2000 सालच्या एका अभ्यासानं मोजून दाखवलं. त्यांतली एक ‘पॉपएफ’. प्रणाली तिच्याकरवी सांगते, माझ्या कामात व्यत्यय येऊ देऊ नका. मालकाच्या अवस्थेत ते ऐकलं जातं. साध्या अवस्थेत प्रोसेसर ते ऐकत नाही आणि ऐकलं नाही असं सांगतही नाही. सव्वीस वर्षांपूर्वीचा निबंध आणि हातातला नवा प्रोसेसर, दोघं एकाच ठिकाणी येऊन थांबले.

1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीनं पुढच्याच वर्षी या अडचणीतून वाट काढून दाखवली होती. ती वाट मला समजली ती रोह्याच्या एका माणसामुळे: चिंतामणराव देशमुख. त्यांचं बालपण रोह्यात गेलं, तिथल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून, अर्थमंत्री म्हणून ते सगळ्यांना माहीत असतात. त्यांनी कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं हे मात्र रोह्यातसुद्धा सांगावं लागतं. संस्कृतातून मराठीत श्लोक आणणारा माणूस काय करतो ते जवळून बघा. मेघ, यक्ष, अलका, विरह, रामगिरी, हे शब्द तो हातही न लावता पुढे जाऊ देतो. मराठीत ते जसेच्या तसे चालतात. त्याला थांबावं लागतं ते विभक्तीपाशी, क्रियापदापाशी, लांब समासापाशी. संस्कृतचा प्रत्यय मराठीत तसाच ठेवला तर वाक्य चालल्यासारखं दिसतं आणि अर्थ मात्र निसटतो. तिथे तो आपला प्रत्यय घालतो. व्हीएमवेअरनं हेच केलं. पाहुण्या प्रणालीच्या गाभ्यातला मजकूर चालवण्याआधी वाचायचा, निरुपद्रवी आज्ञा जवळजवळ तशाच जाऊ द्यायच्या, आणि गप्प बसणाऱ्या आज्ञेच्या जागी बोलणारी आज्ञा घालायची. अनुवाद, आणि तोही चालता चालता. केलेला अनुवाद जपूनही ठेवायचा, म्हणजे तोच भाग पुन्हा आला तर नव्यानं बसायला नको. पुढे इंटेलनं 2005 मध्ये आणि एएमडीनं 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केली आणि अनुवादकाचं काम कमी झालं. माझ्या मशीनवर एक्सपी चालते ती या सोयीवर. तरी त्या अनुवादाच्या वर्षांबद्दल मला जास्त माया आहे.

निबंधात दुसरा सिद्धान्त आहे: पाहुण्याच्या घरात आणखी पाहुणा राहू शकतो का? अटी पाळल्या तर राहू शकतो. तिसऱ्या सिद्धान्तात अर्धवट पात्र यंत्रांसाठी एक तडजोड आहे. हे दोन्ही वाचावेत, पण जीव पहिल्यात आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती प्रेमाची आहे. आपला नमुना सोपा राहावा म्हणून लेखकांनी बाहेरची उपकरणं, म्हणजे देवाणघेवाणीच्या आज्ञा, त्यातून वगळल्या. सिद्धान्तासाठी ते बरोबर होतं. पण आमच्यासारख्याची सगळी रडकथा तिथेच आहे. प्रिंटर, पेनड्राइव्ह, आणि सगळ्यांत वर मराठी फॉन्टचं ते छोटं कुलूप, डोंगल. ते यूएसबीला लावलेलं नसेल तर फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. कुलूप एक, यंत्रं दोन. व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूत जाऊन त्याच्या नावापुढे टिक केली की ते बाहेरच्या प्रणालीतून निघून जातं आणि आत, एक्सपीत, काहीतरी जोडलं गेल्याचा तो दोन सुरांचा आवाज होतो. ते कुलूप मी बोटांनी हलवलेलंही नसतं, तिथेच खोचलेलं असतं. ताबा मात्र बदललेला असतो. सामग्री कुणाची हे मॉनिटर ठरवील, हे निबंधातलं कोरडं वाक्य त्या आवाजात ऐकू येतं.

ताबा बदलतो आणि बसलेल्याला कळत नाही, याचा दुसरा अनुभव मला रोहा स्टेशनावर येतो. 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली. तिथवर मध्य रेल्वे. तिथून पुढे कोकण रेल्वे, वेगळं महामंडळ, 1990 मध्ये स्थापन झालेलं; रोहा ते वीर हा तिचा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला. रत्नागिरीला निघालेला माणूस रोह्याला जागचा उठत नाही. गाडी तीच, डबा तोच, खिडकीबाहेर तीच कुंडलिकाकाठची भातशेती. खाली रुळांचा कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. पेणहून दिवा-रोहा गाडीनं येणारा मी तिथेच उतरतो, आणि सुटणाऱ्या लांबच्या गाड्यांकडे बघताना दर वेळी मला तो चौकोन आठवतो.

गेल्या भाद्रपदात रोह्याचे एक गुरुजी आले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडेच छापलेल्या आरतीच्या पुस्तिकेची एक जीर्ण प्रत पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघते, त्याआधी दोनशे प्रती हव्या होत्या.

“फाइल असेल ना हो अजून?” त्यांनी विचारलं.

“असेल गुरुजी. बसा, चहा सांगतो.”

चौकट उघडली. एक्सपी उठली, घड्याळानं उडी घेतली, कुलूप आत दिलं, पेजमेकर चालू केला. फाइलचं नाव सापडलं. गुरुजी खुर्ची ओढून जवळ आले. पान उघडलं आणि अक्षरं आपापल्या जागी उभी राहिली: जोडाक्षरं, रफार, त्या फॉन्टचा तो थोडा जाड पोटाचा ळ. गुरुजींनी चष्मा वर केला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पहिलं कडवं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“इथे ऱ्हस्व पडलाय. तेव्हाच सांगायचं राहिलं होतं. आता दीर्घ करून टाका.”

मी वेलांटी बदलली. मग फाइल छपाईसाठी सामायिक फोल्डरमध्ये टाकली आणि बाहेर यायला उजवीकडचं कंट्रोल दाबलं. माउसचा बाण चौकटीबाहेर आला. आत एक्सपी तशीच, दुसऱ्या पानावर, त्या दीर्घ वेलांटीपाशी थांबलेली होती. गुरुजी चहा फुंकत तिच्याकडेच बघत बसले होते.